मुक्त जॅझ आणि त्यातलं राजकारण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी न्यूयॉर्क, लंडन, बर्लिनला गेलेली आपली मंडळी कुणा सहकाऱ्याच्या आग्रहाने अशा एखाद्या कार्यक्रमाला जातात आणि रात्री उशिरा मेसेज येतो: "हे काय होतं?" इकडे पुण्या-मुंबईत बसून रेकॉर्ड ऐकणाऱ्यांचे प्रश्नही साधारण तेच. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत. सुरुवातीला सोपे, पुढे वाकडे. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी जिथे उत्तर आधीच आलं आहे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जाहिरातीत "साहसी, उत्स्फूर्त, राजकीय जॅझ" असं लिहिलंय. तिथे गेल्यावर नेमकं काय ऐकायला मिळणार?

बहुतेक वेळा तीन ते सहा वादक: सॅक्सोफोन, ट्रम्पेट, उभा बास, ड्रम्स, कधी पियानो, कधी व्हायोलिन. अलीकडे बरोबर एखादी कवयित्रीही असते. एक सेट पाऊण तास ते तासभर, बऱ्याचदा अखंड. एखादी धून सुरुवातीला येईल आणि मोडून टाकली जाईल, किंवा शेवटच्या पाच मिनिटांत उगवेल, किंवा येणारच नाही. कुणी कधी थांबायचं, कुणी कुणाच्या अंगावर जायचं, हे तिथल्या तिथे ठरतं. राजकारण कधी रचनेच्या नावात असतं, कधी बोललेल्या शब्दांत, कधी नुसतं "ही रचना अमक्यासाठी" एवढ्या एका वाक्यात. मंचावरून तासभर भाषण होईल अशी भीती (किंवा आशा) असेल तर ती सोडून द्या.

२. नेहमीचा जॅझ आणि हा "फ्री" जॅझ, फरक काय?

नेहमीच्या जॅझमध्ये आधी धून वाजते, वादक तिला "हेड" म्हणतात. मग त्या धुनीखालचं स्वरमेळांचं चक्र, बारा किंवा बत्तीस मात्राखंडांचं, फिरत राहतं आणि त्यावर एकेक जण सोलो घेतो. शेवटी पुन्हा हेड. उत्स्फूर्तता भरपूर, पण चक्र पक्कं.

सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन नोव्हेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या "फाइव्ह स्पॉट" क्लबमध्ये आपली चौकडी घेऊन आला तेव्हा त्याने ते चक्रच सोडून दिलं होतं. पियानोही नव्हता. हातात प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन. शहरातले मोठमोठे संगीतकार रोज येऊन ऐकत आणि बाहेर पडून भांडत. वर्षभराने, २१ डिसेंबर १९६० रोजी, त्याने दोन चौकड्या एकाच वेळी वाजवायला बसवल्या, एक डाव्या स्पीकरमध्ये, दुसरी उजव्या. सदतीस मिनिटांची ती रचना "फ्री जॅझ" या नावाने निघाली आणि पुढे सगळ्या प्रवाहालाच ते नाव चिकटलं. कित्येक वादकांना ते आवडत नाही, पण जाहिरातीत तेच चालतं.

एक गैरसमज लगेच काढून टाकतो. फ्री म्हणजे कायम कर्कश असं नाही. यातलं काही संगीत इतकं हळू असतं की शेजारच्याच्या खुर्चीची करकर ऐकू येते.

३. म्हणजे आपल्या आलापासारखंच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर अर्धं हो आहे. एकमेकांचं ऐकून पुढचा स्वर ठरवणं, घाई न करणं, एकाच स्वराला वेगवेगळ्या बाजूंनी भिडणं हे दोन्हीकडे आहे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला आपल्या संगीताची ओढ होती. १९६१ मध्ये त्याने "इंडिया" नावाची रचना वाजवली, आणि मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं.

पण ख्याल गायक रागाच्या आत राहून विस्तार करतो, राग सोडला की चुकला. इथे काय सोडायचं आणि काय धरायचं हेच वाजवता वाजवता ठरतं. त्यामुळे ख्यालावर तयार झालेला कान इथे एका बाबतीत पुढे असतो आणि एका बाबतीत अडतो. वाट पाहायची त्याला सवय असते, हे चांगलं. पण तो सतत षड्ज आणि सम शोधत राहतो, आणि इथे तानपुराही नाही नि समही नाही. माझा सल्ला असा की पहिली दहा मिनिटं फक्त बासवाल्याकडे कान द्या. बाकीचे त्याच्याशी कसे वागतात ते कळू लागलं की रचना उभी राहते.

४. शब्दच नाहीत, तर राजकारण आलं कुठून?

सप्टेंबर १९५७. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय मुलामुलींना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळाला होता. राज्याचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने त्यांना अडवायला सशस्त्र दल उभं केलं. बासवादक चार्ल्स मिंगसने त्यावर रचना केली आणि तिला सरळ फॉबसचंच नाव दिलं. १९५९ मध्ये कोलंबिया कंपनीच्या रेकॉर्डवर ती शब्दांशिवाय आली. पण धून ऐका: मुद्दाम फेंगडी, पोट पुढे काढून चालणाऱ्या पुढाऱ्यासारखी. १९६० मध्ये कँडिड या छोट्या कंपनीसाठी तीच रचना शब्दांसह झाली. त्यात मिंगस विचारतो की हास्यास्पद माणूस कोण, आणि ड्रमर डॅनी रिचमंड गव्हर्नरचं नाव घेतो. सवाल-जवाबच म्हणा. दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ ऐकले की लक्षात येतं, टिंगल धुनीत आधीपासूनच होती.

दुसरं टोक म्हणजे कोल्ट्रेनची "अलाबामा". १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये गोऱ्या वंशवाद्यांनी बॉम्ब उडवला आणि चार मुली मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. दोन महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, कोल्ट्रेनने ही रचना मुद्रित केली. पियानोचे खालचे सूर घुमत राहतात आणि वर सॅक्सोफोन एखादी प्रार्थना म्हणावी तसा वाक्य-वाक्य बोलतो. रेकॉर्डवर कसलंही निवेदन नाही. आहे ते फक्त एका राज्याचं नाव, आणि त्या वर्षी ते नाव वाचून काय समजायचं हे अमेरिकेत कुणाला सांगावं लागत नव्हतं.

तिसरी वाट वाद्यवृंदाच्या मांडणीतच असते. ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागोला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. व्हिएतनाम युद्धाविरोधातला ठराव पडल्यावर काही प्रतिनिधी "वुई शॅल ओव्हरकम" गाऊ लागले, तर सभागृहातल्या बँडने देशभक्तीच्या धुना वाजवून त्यांचा आवाज दाबला. बासवादक चार्ली हेडनने पुढच्या वर्षी आपला "लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा" मुद्रित करताना वाद्यवृंद दोन भागांत फोडला आणि तोच गोंधळ वाजवून दाखवला. हे कळल्यावर ती रचना ऐकायला सुंदर होते का? नाही. पण तो गोंधळ म्हणजे वादकांचा ढिसाळपणा, असंही मग वाटत नाही.

चौथी वाट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती प्रश्न ९ मध्ये.

५. सगळे मॅक्स रोचच्या "फ्रीडम नाऊ" सूटचं (म्हणजे अनेक भागांच्या एकसंध रचनेचं) नाव घेतात. त्यात एवढं काय आहे?

कारण त्या एका रेकॉर्डवर पुढच्या साठ वर्षांचा आराखडा आहे. १९६० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो मुद्रित झाला. ड्रमर रोच, गायिका अ‍ॅबी लिंकन, शब्द ऑस्कर ब्राउन ज्युनियरचे. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरोमध्ये चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थ दुकानाच्या गोऱ्यांसाठी राखीव खाद्य-काउंटरवर जाऊन बसले होते. रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर तसंच काउंटर, तिघं जण मागे वळून थेट आपल्याकडे बघताहेत.

पाच भाग आहेत. पहिल्यात मळ्यावरचा मुकादम, पाच मात्रांचा लंगडता ठेका आणि जॅझमधला बुजुर्ग कोलमन हॉकिन्सचा सॅक्सोफोन. शेवटचा भाग जोहान्सबर्गसाठी, कारण २१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला होता. सरकारी आकड्याप्रमाणे ६९ माणसं मेली. म्हणजे गुलामगिरी, मुक्ती, चालू लढा आणि आफ्रिका हे सगळं एका धाग्यात. चाळीसेक मिनिटांत.

किंमतही पडली. लिंकनचा पुढचा रेकॉर्ड १९६१ मध्ये निघाला, त्यावर वर्णाचं भांडवल करते अशी टीका झाली, आणि त्यानंतर १९७३ पर्यंत तिच्या स्वतःच्या नावाने रेकॉर्ड आला नाही.

६. त्यातला ती बाई किंचाळते तो भाग मला ऐकवला नाही, बंद केला. माझं काही चुकतंय का?

नाही. तो भाग ऐकवू नये असाच केला आहे. "ट्रिप्टिक" नाव, फक्त लिंकनचा आवाज आणि रोचचे ड्रम्स, आठ मिनिटं, शब्द एकही नाही. आधी प्रार्थना, मग निषेध, मग शांती. मधल्या भागात ती मिनिटभराहून जास्त किंचाळते. ऐकणाऱ्याची पंचाईत अशी की दाद कशाला द्यायची? सूर लागला म्हणून? त्या किंकाळीला वाहवा म्हणता येत नाही, आणि म्हणता येऊ नये ही तिची रचना आहे.

पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर तेवढाच तुकडा लावू नका. पूर्ण सूट सुरुवातीपासून लावा, हेडफोनशिवाय, खोलीत. शेवटचा "शांती" भाग, जिथे ती नुसती श्वास घेत गुणगुणते, तो आधीचं सोसल्याशिवाय कळत नाही. आणि तरीही नको वाटलं तर सोडा. जबरदस्ती नाही.

७. मग याला काळ्या अमेरिकेची शाहिरी म्हणायचं का?

मोह होतो खरा. अण्णा भाऊ साठे, अमर शेख गिरणगावात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत गायचे तेव्हा हजारो कामगार तो शब्द तिथल्या तिथे उचलायचे. शाहिरीत शब्द पुढे, डफ-तुणतुणं मागे, आणि गर्दीला कळलं नाही तर शाहीर नापास. मुक्त जॅझने गर्दीला कळण्याची ही अट कधी मानलीच नाही, आणि त्यावरून त्याच्या आपल्याच लोकांनी त्याला बरंच सुनावलं. न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीत नाक्यावरचा सामान्य माणूस सोल आणि आर अँड बी ही लोकप्रिय गाणी ऐकत होता. आर्ची शेपसारख्या सॅक्सोफोनवादकाने ते मनावर घेतलं. १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅटिका तुरुंगात उठाव झाला, त्यात आणि तो चिरडताना कैदी आणि तुरुंगाचे कर्मचारी मिळून ४० च्या वर माणसं मेली. शेपने १९७२ मध्ये त्यावर जे केलं त्यात पाय ठेका धरतील असा ताल होता.

नात्याचा दुवा शोधायचाच तर तो संगीताबाहेर आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. एकाच सुमाराच्या त्या रागाला तिकडे सॅक्सोफोन मिळाला, इकडे कविता.

८. मुंबईत आणि गोव्यात जॅझ होता की! त्यात राजकारण होतं का?

जॅझ होताच. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात कृष्णवर्णीय अमेरिकन बँड वाजवत होते, आणि त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ते उचललं. चिक चॉकलेट म्हणून गाजलेला ट्रम्पेटर मूळचा अँटोनियो झेवियर वाझ. पुढे हेच गोवेकर हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांचा कणा झाले. पण ते नाचाच्या हॉलचं संगीत होतं. पोट भरायचं होतं, आणि मालक, पाहुणे, नंतर सिनेमावाले यांच्यासमोर वाजवून कुणी घोषणा देत नाही.

तरी एक धागा आहे, तो अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सचा. १९५८ मध्ये त्याने "फ्रीडम सूट" केला, रेकॉर्डची एक अख्खी बाजू, ड्रम्सवर पुन्हा मॅक्स रोचच. सोबतच्या छोट्या टिपणात त्याने लिहिलं होतं की ज्या काळ्या माणसाची संस्कृती अमेरिका आपली म्हणून मिरवते त्यालाच ती छळते. कंपनीने तो रेकॉर्ड नंतर वेगळ्या, निरुपद्रवी नावाने बाजारात आणला. हाच रोलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस संगीत थांबवून पवईच्या आश्रमात येऊन राहिला, आणि १९७८ मध्ये पहिल्या "जॅझ यात्रा" महोत्सवात मुंबईला वाजवून गेला. रंगभवनात त्याला ऐकलेले लोक अजून भेटतात. "फ्रीडम सूट"बद्दल मात्र त्यांच्यापैकी फार थोडे बोलतात.

९. वादक स्वतःच दारावर तिकिटं फाडतात, स्वतःच सीडी विकतात. एवढी वाईट परिस्थिती आहे का?

पैसे कमी आहेत हे खरं. पण यातला बराच भाग ठरवून केलेला आहे, आणि माझ्या मते या संगीताचं खरं राजकारण इथेच आहे: कोण कुठे, काय आणि कुणासाठी वाजवणार हे कुणी ठरवायचं?

क्लब गोऱ्या मालकांचे, रेकॉर्ड कंपन्या त्यांच्या, रॉयल्टीचे हिशेब त्यांच्या वहीत. मिंगस आणि रोचने १९५२ मध्येच स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, "डेब्यू". १९६० मध्ये न्यूपोर्टच्या मोठ्या महोत्सवाने वादकांना दिलेली वागणूक पटली नाही म्हणून दोघांनी त्याच गावात समांतर महोत्सव भरवला. मोठा महोत्सव त्या वर्षी दंग्यामुळे मधेच बंद पडला, छोटा चालू राहिला. ऑक्टोबर १९६४ मध्ये ट्रम्पेटर बिल डिक्सनने न्यूयॉर्कच्या एका तळघरातल्या कॅफेत चार दिवस नव्या संगीताचे कार्यक्रम लावले. क्लबांनी ज्यांना दारात उभं केलं नसतं असे लोक वाजवत होते आणि जागा पुरत नव्हती.

सगळ्यात टिकलं ते शिकागोचं. १९६५ मध्ये पियानोवादक मुहल रिचर्ड अब्राम्स आणि सोबत्यांनी तिथल्या दक्षिण भागात संघटना काढली, तिचं आद्याक्षरी नाव एएसीएम. नियम कडक: मैफलीत फक्त सदस्यांच्या स्वतःच्या रचना वाजवायच्या. वस्तीतल्या मुलांसाठी संगीताची शाळाही सुरू केली. "आर्ट एन्सेंबल ऑफ शिकागो" यातूनच निघालं. मंचावर कुणाच्या चेहऱ्यावर रंग, कुणी आफ्रिकी पोशाखात, आणि ट्रम्पेटर लेस्टर बोवी प्रयोगशाळेतला पांढरा कोट घालून. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ओस पडलेल्या गोदामांत वादकांनी स्वतःच मैफली भरवल्या, सॅम रिव्हर्स आणि त्याची बायको बिआट्रिस यांची जागा त्यात प्रसिद्ध. १९९६ पासून न्यूयॉर्कमध्ये भरणारा व्हिजन फेस्टिव्हलही कलावंतांनीच चालवलेला.

यातला माझा आवडता प्रसंग १९७० चा आहे. दूरचित्रवाणीवर काळे जॅझ वादक दिसतच नाहीत म्हणून सॅक्सोफोनवादक रासान रोलंड कर्क आणि सोबती गाजलेल्या कार्यक्रमांच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून जाऊन बसायचे आणि ऐन वेळी खिशातून शिट्ट्या काढून वाजवायचे. चित्रीकरण ठप्प.

तेव्हा टेबलावर सीडी दिसली तर घ्या. स्ट्रीमिंगवर वर्षभर ऐकून त्या वादकाला मिळणार नाही एवढं त्या एका खरेदीत मिळतं.

१०. चार्ली हेडनला गोव्याच्या मुक्तीबद्दल बोलला म्हणून पोर्तुगालमध्ये अटक झाली, खरं का?

अटक खरी, गोवा चूक. गोवा डिसेंबर १९६१ मध्येच मुक्त झाला होता. नोव्हेंबर १९७१ मध्ये हेडन ऑर्नेट कोलमनच्या चौकडीबरोबर लिस्बनजवळच्या काश्काइशला महोत्सवात वाजवत होता. तिथे त्याने चे गेव्हारावरची आपली रचना मोझांबिक, अंगोला आणि गिनी-बिसाऊच्या काळ्या मुक्तिलढ्यांना मंचावरून अर्पण केली. सभागृहातल्या तरुणांनी जल्लोष केला. दुसऱ्या दिवशी विमानतळावर गुप्त पोलिसांनी त्याला उचललं. चौकशी झाली, आणि अमेरिकन दूतावासाने मध्यस्थी केल्यावर सुटका. परत गेल्यावर त्याच्या देशातल्या एफबीआयनेही विचारपूस केली, ते वेगळंच.

गोंधळ का होतो हे मात्र समजण्यासारखं आहे. गोव्यात सत्याग्रहींना डांबणारी राजवट आणि हेडनला उचलणारी राजवट एकच. सालाझार गेला होता, यंत्रणा तीच होती, ती २५ एप्रिल १९७४ ला कोसळली.

११. दक्षिण आफ्रिकेचं नाव सारखं का येतं?

शार्पव्हिलचा संबंध वर आला (प्रश्न ५). दुसरं कारण "ब्लू नोट्स" हा तिथला बँड. पियानोवादक क्रिस मॅकग्रेगर गोरा, बाकी सगळे काळे: डुडू पुक्वाना, मोंगेझी फेझा, जॉनी डायानी, लुई मोहोलो, निकेले मोयाके. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे असा मिश्र बँड एकत्र वाजवणं म्हणजेच गुन्ह्याला आमंत्रण. १९६४ मध्ये फ्रान्सच्या आंतीब महोत्सवाचं बोलावणं आलं, ते गेले आणि बहुतेक जण परतले नाहीत. लंडनच्या उत्स्फूर्त संगीताला त्यांनी जो झटका दिला तो अजून ओसरलेला नाही. लंडनच्या डॉल्स्टन भागातल्या कॅफे ओटोला जात असाल तर तिथल्या वादकांत त्यांचे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य भेटतील. त्यांच्या रचनांमध्ये चर्चमधली सामूहिक गाणी अचानक फुटून निघतात. रडू येईल अशा जागी नाचायला लावतात.

१२. टाळ्या कधी वाजवायच्या?

नेहमीच्या जॅझमध्ये प्रत्येक सोलोनंतर वाजवतात. इथे सोलो कुठे संपला हेच स्पष्ट नसतं, म्हणून थांबा. सगळ्यांनी वाद्यं खाली घेतली की वाजवा. मधेच "वाह" किंवा हुंकार गेला तर कुणी रागावत नाही, उलट वादक सुखावतात. टाळीने ठेका मात्र धरू नका.

१३. मधेच उठून गेलं तर अपमान होतो का?

दोन सेटच्या मध्ये बिनधास्त जा. चालू असताना जायचं तर आवाजाचा भर असेल तेव्हा, हळू भागात नको. जागा छोट्या असतात, दाराचा आवाज संगीतात मिसळतो.

१४. आई-बाबा भारतातून आलेत. त्यांना नेऊ का? आणि सात वर्षांच्या मुलीला?

आई-बाबांची संगीताची आवड हा मुद्दा दुय्यम, आधी तीन गोष्टी विचारा: बसायला खुर्च्या आहेत का, जिने किती, आवाज किती. अशा बऱ्याच जागी उभं राहावं लागतं. कानात घालायचे बोळे सगळ्यांसाठी न्या. ते नसतील तर ड्रम्स आणि स्पीकरपासून लांब बसा. क्लबमध्ये दारू मिळत असेल तर मुलांना बऱ्याचदा प्रवेश नसतो, कार्यक्रम चर्चमध्ये किंवा कलादालनात असला तर सहसा असतो. मुलं या संगीताला मोठ्यांपेक्षा कमी घाबरतात, त्यांनी अजून "गाणं असं असतं" हे ठरवलेलं नसतं.

१५. एक माणूस समोर उभा राहून नुसते हातवारे करत होता, काठीही होती. मग हे उत्स्फूर्त कसं?

त्याला कंडक्शन म्हणतात. ही पद्धत लॉरेन्स "बुच" मॉरिसने घडवली, पहिला नाव दिलेला प्रयोग १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या "किचन" नावाच्या कलामंचावर. खुणांची एक भाषा असते: हा सूर धरून ठेव, ते परत कर, आत्ता वाजवलंस ते लक्षात ठेव, मी सांगेन तेव्हा पुन्हा आण. कोणता सूर वाजवायचा हे वादक ठरवतो, तो कधी आणि किती हे समोरचा. लिहिलेलं काही नाही, पण मोकाटही नाही. मग प्रश्न ९ मधलं "कुणी ठरवायचं" इथेही येतंच: एकाच्या हातात काठी देणं ही लोकशाही का? यावर वादकांमध्येच एकमत नाही. मला तरी चांगल्या कंडक्शनमध्ये काठीवाला सगळ्यात जास्त ऐकणारा वाटतो.

१६. कवयित्री काय बोलत होती ते नीट कळलंच नाही. काही चुकलं का माझं?

निम्म्या अमेरिकनांनाही कळत नाही. आवाजही तिथे वाद्यच असतो, शब्द तुकड्यांत आणि पुन्हा पुन्हा येतात. सध्याचं ठळक उदाहरण "इर्रिव्हर्सिबल एंटँगलमेंट्स". २०१५ मध्ये ब्रुकलिनमध्ये पोलिसी अत्याचारांविरुद्ध संगीतकारांनी भरवलेल्या कार्यक्रमातून हे पाच जण एकत्र आले. त्यांची कवयित्री कमे आयेवा, मंचावरचं नाव मूर मदर. जाण्याआधी एखादा रेकॉर्ड शब्द वाचत ऐकून घ्या, मग मैफलीत अर्थामागे धावावं लागत नाही.

परदेशात राहणाऱ्यांना आणखी जवळचं वाटेल ते पियानोवादक विजय अय्यर आणि कवी माइक लॅड यांचं २००३ चं काम. विमानतळांवर अडवली जाणारी, तपासली जाणारी, तिथेच राबणारी सावळी माणसं हा त्याचा विषय, आणि ठिणगी पडली ती इराणी दिग्दर्शक जाफर पनाहीला २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर अडकवून ठेवल्यावरून.

१७. सगळा मुक्त जॅझ राजकीयच असतो का?

नाही. उलटही खरं नाही: सगळा राजकीय जॅझ मुक्त नसतो. केपटाऊनचा अब्दुल्ला इब्राहिम १९७४ मध्ये "मॅनेनबर्ग" वाजवतो ती गुणगुणता येणारी, संथ डुलणारी धून आहे, तरी वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याची ती खूण झाली.

मधल्या जागेत घोळ असतो. जर्मन सॅक्सोफोनवादक पीटर ब्रॉट्झमनचा "मशीन गन" मे १९६८ मध्ये ब्रेमेनला मुद्रित झाला. आठ वादक, आणि रेकॉर्डची सुई भाजेल असा आवाज. तारीख आणि नाव बघून लोक व्हिएतनाम आणि पॅरिसच्या दंगली आठवतात. नाव प्रत्यक्षात ट्रम्पेटर डॉन चेरीने ब्रॉट्झमनच्या वाजवण्याला गमतीने दिलेलं. पण नाझी काळातल्या बापांबद्दलचा त्या पिढीचा संताप त्या आवाजात होता, हे ब्रॉट्झमनने स्वतः सांगितलेलं आहे. तेव्हा नावावरून निष्कर्ष काढताना जरा दमानं.

१८. हे लोक सरकारच्या विरोधात वाजवतात आणि सरकारी अनुदानंही घेतात. ढोंग नाही का?

प्रश्न जुना आहे आणि रास्त आहे. शीतयुद्धात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९५६ पासून, आधी ट्रम्पेटर डिझी गिलेस्पीला, मग इतर जॅझ वादकांना जगभर पाठवलं. १९५८ मध्ये पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईला आला आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसोबत बसला, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन भारतात आला, ते याच योजनेतून. बाहेर जगाला समतेचं दर्शन घडवायचं आणि घरी त्याच वादकाला हॉटेलात खोली नाकारायची. एरवी गोड हसणाऱ्या ट्रम्पेटर लुई आर्मस्ट्राँगने १९५७ मध्ये लिटल रॉकचा प्रकार (प्रश्न ४) बघून सोव्हिएत दौऱ्याला नकार दिला आणि सरकारला जाहीरपणे चार शब्द सुनावले. पैसे घेतल्यावर तोंड बंद होतं का, एवढंच मी बघतो. युरोपात नगरपालिका आणि राज्यांच्या पैशाशिवाय हे महोत्सव उभेच राहिले नसते. तो पैसा करदात्यांचा आहे, मंत्र्यांचा नाही.

१९. त्यांचं राजकारण मला पटत नाही. तरी जावं का?

जा. दारावर कुणी विचारत नाही. पण "संगीत ऐकतो, बाकीचं सोडून देतो" असं ठरवून गेलात तर निम्मा कार्यक्रम हातचा जाईल. न पटणाऱ्या माणसाचं बोलणं पूर्ण ऐकून घेता तसं ऐका, आणि नंतर भांडा. हेडनच्या त्या ऑर्केस्ट्राचे त्याच्या हयातीतले चारही स्टुडिओ रेकॉर्ड रिपब्लिकन अध्यक्षांच्या काळात निघाले. त्यावरून त्याला चिडवणारे त्याचे चाहतेच होते.

२०. घरी सुरुवात कशाने करू?

"अलाबामा"ने. पाच मिनिटं, आणि खाली घुमणाऱ्या पियानोमुळे आपल्या कानाला धरायला काहीतरी मिळतं. मग मिंगसच्या दोन्ही आवृत्त्या. मग "मॅनेनबर्ग", थोडा श्वास घ्यायला. त्यानंतर रोचचा सूट पूर्ण. कोलमनची सदतीस मिनिटं मागाहून, आणि "मशीन गन" शेजारी गावाला गेले असतील तेव्हा.

२१. काल ऐकलेली रचना कुठल्याच रेकॉर्डवर सापडत नाही. नाव काय असेल?

बहुधा नाव नाहीच. पूर्ण उत्स्फूर्त सेटला नाव मिळतं ते रेकॉर्ड काढायचं ठरल्यावर, कधी कित्येक महिन्यांनी. बऱ्याच जागी मात्र मिक्सरवरून सगळ्या मैफली मुद्रित होतात. तेव्हा ईमेलवर विचारा, तारीख आणि वादकांची नावं देऊन. फोनवर चोरून केलेलं मुद्रण टाकू नका. वादकाला कोणती रात्र बाहेर द्यायची हे ठरवण्याचा हक्क हवा असतो, आणि त्यासाठी काय काय करावं लागलं ते प्रश्न ९ मध्ये आहे.